खड्डामाग

अठरा वर्षं मी रिवणच्या खाणीवर टिप्पर चालवला.
दिवसाला अकरा ट्रिपा.
बारावी मागितली की मुकादम हसायचा
आणि चिठ्ठ्यांचं पुस्तक खिशात घालायचा.
मग खाण बंद झाली. टिप्पर
काजूखाली उभा राहिला तो राहिलाच,
एका पावसाळ्यात त्याच्या हौद्यात
बेडकांनी अंडी घातली.

आता कंपनीच्या जुन्या गोदामात
सहा माग आलेत.
जिथे टायर रचलेले असायचे तिथे सुताच्या लडी,
भिंतीवर अजून लिहिलेलं: हेल्मेट घाला.
ग्रीसचा डाग सुताला लागू नये म्हणून
लादी आम्ही तीनदा सोड्यानं धुतली,
चौथ्यांदा नुसत्या हट्टानं.

केप्याहून पियेदाद येते, पावणेआठच्या कदंबानं,
पिशवीत पेजेचा डबा आणि तिच्या आजीचा धोटा,
शिंगासारखा काळा, हाताला गार.
पहिल्याच दिवशी तिनं मला मागाच्या खड्ड्यात बसवलं,
पाय खाली पावड्यांवर, छाती जमिनीला समांतर.
म्हणाली, "तुका फोंडांची संवय आसा न्हय?"
बायका हसल्या.
मीही हसलो, जरा उशिरा.

माझा उजवा पाय जड पडायचा,
गाडी दामटायची सवय.
ताण्याचे धागे तटातट तुटायचे.
ती थुंकीनं बोट ओलं करून गाठ मारायची,
इतकी बारीक की नंतर शोधूनही सापडू नये.
कितव्या तरी धाग्याला म्हणाली,
"हांगा चडण ना रे बाबा. खंय धांवता?"

माझी आई हेच कापड नेसायची,
लाल, पांढऱ्या चौकडीचं, खांद्यावर देठलीची गाठ.
ती खाणीवर टोपल्या वाहायची
आणि सांगायची, लाल रंगावर लाल धूळ दिसत नाही,
साबण वाचतो.
मी आयुष्यभर ते फक्त साबणाबद्दल समजत होतो.

मुलगा वेर्ण्याला गोळ्यांच्या कारखान्यात.
रविवारी आला, मोबाईलवर हिशोब मांडला:
कापडाला पाच दिवस, सूत वजा, रंग वजा,
ताशी किती पडतात बाबा?
आकडा त्यानं मला दाखवला नाही.
केप्याच्या बाजारात तसलंच छापील साडेतीनशेला मिळतं,
माझ्या शेजारणी तेच नेसतात.
आम्ही विणलेलं नेसणारी बाई
अजून मी पाहिलेली नाही.

माझं पहिलं कापड पूर्ण झालं.
काठापासून वीतभर आत एक चौकडी
बोटभर रुंद झालेली.
पणजीच्या दुकानाची बाई गाडीतून उतरली, चष्मा कपाळावर,
तिनं तीच चौकडी कुरवाळली.
म्हणाली, राहू दे, हीच तर हाताची खूण,
हिचे पाचशे जास्त लावू.

पियेदाद काही बोलली नाही.
गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत थांबली,
मग कात्री माझ्यापुढे ठेवली.
"चूक ती चूक. उसव."

दिवे लागेपर्यंत मी बाण्याचा एकेक धागा ओढत होतो.
ती बाजूला कांड्या भरत बसलेली,
सव्वासहाची बस तिनं जाऊ दिली.
उसवलेलं सूत मऊ, वेडंवाकडं,
धुतलेल्या केसांसारखं.
ते टाकायचं नाही म्हणाली,
आतल्या बाजूला चालतं.

तिठ्यावर म्हणतात, खाण पुन्हा सुरू होणार,
गणपतीनंतर, नाहीतर दिवाळीनंतर.
उमावती म्हणते, टिप्पर विकू नका एवढ्यात.
मीही चावी फिरवून पाहिली. ढिम्म.
बॅटरी काढून कुडचड्याला चार्जिंगला दिलीय.
मंगळवारीच फोन आला दुकानातून, घेऊन जा.

आज शनिवार.
नव्या ताण्याला हजारावर धागे,
फणीतून एकेक ओवायचा,
साडेचारशे झालेत.